बस जरा

खुर्ची मोडली तेव्हा लोकांनी आधी खुर्ची उचलली. बाबा फरशीवर तसेच पडून होते, एक पाय अंगाखाली दुमडलेला, चष्मा बाकाखाली गेलेला, आणि दवाखान्याच्या त्या लांबट खोलीतली निम्मी माणसं उठून धावली ती तुटलेल्या पायांकडे, निखळलेल्या पाठीकडे, बाजूला पडलेल्या राखाडी कापडाकडे. एका बाईने ते कापड झटकून छातीशी धरलं. नर्स आली, तिने तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर नवीनच आणली होती." मी औषधांच्या खिडकीपाशी रांगेत होते. मी ओरडले, "माणूस पडलाय इथं!" त्यावर एक गृहस्थ माझ्याकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाले, "हो बाई, पण ते त्या खुर्चीवर बसले होते." त्या 'पण'ने माझं डोकं जे फिरलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही. मी रांग मोडून धावले, बाबांच्या काखेत हात घातला, आणि बाबा, ज्यांच्या कपाळातून रक्त येत होतं, ते मला विचारत होते, "फार मोडली का गं?"

हाड मोडलं नव्हतं. कंबर काळीनिळी झाली होती आणि कपाळावर टाके पडले. डॉक्टरांनी टाके घालताना एक शब्द काढला नाही, आणि ते न बोलणं बाबांनी शिक्षा म्हणून नीट ऐकून घेतलं. घरी येताना रिक्षात मी विचारलं, "चक्कर आली होती ना? मग सांगायचं नाही का मला?" ते म्हणाले, "बाकं भरलेली होती." म्हणजे सकाळभर ते भिंतीला टेकून उभे होते, तरुण पोरं बाकांवर पाय पसरून बसली होती, आणि कोणी उठलं नव्हतं. उठायची गरजच नव्हती. बाबांच्या कोटाच्या कॉलरवर युद्धावरून परतलेल्यांचा पितळी बिल्ला आहे, आणि परतलेली माणसं उभी राहतात हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. असा कायदा कुठे नाही. कायदा असता तर मोडता आला असता. हे आपोआप झालं. युद्धाच्या त्या हिवाळ्यात आमच्या शहरातली बाप्ये मंडळी मूठमूठ करून संपली, आणि जे थोडे परत आले त्यांना वाटायला लागलं की आपण जागा अडवतोय. त्यांनी उभं राहायला सुरुवात केली. बाकीच्यांनी ते पाहिलं, त्यांना ते शोभून दिसलं, आणि मग कोणाला सवड होती त्यांना बसवायला! बाबा युद्धाआधी लाइनमन होते, विजेच्या खांबांवर चढायचे. घरी आले की आधी खुर्चीत धपकन बसायचे आणि तिथूनच बूट भिरकावायचे. आई ओरडायची. मला त्या बुटांचा आवाज अजून आठवतो. परत आल्यापासून ते स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, ताट हातात घेऊन जेवतात. बाहेरच्या टेबलाशी चार खुर्च्या आहेत. एक आईची, एक माझी, एक बाबांची, आणि एक दादाची, कापड घातलेली. बाबांच्या खुर्चीवर आई इस्त्रीचे कपडे ठेवते.

आता ती खुर्ची का मोडली ते सांगते, कारण ते मला जेवढं ठाऊक आहे तेवढं त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी मी तिथे गप्प बसले. मी फर्निचरच्या कारखान्यात वेत विणते. लग्न केलं नाही, म्हणजे माझ्या वयाच्या मुलींना नवरे उरलेच नव्हते, त्यामुळे बोटं वेताला देऊन टाकली. आमच्याकडे दोन तऱ्हांच्या खुर्च्या होतात. एक बसायच्या. दुसऱ्या त्या. दवाखान्याला, बँकेला, नाटकगृहाला, न्हाव्याच्या दुकानाला, नव्या लग्नाच्या घराला, जिथे चार माणसं जमतात तिथे एक ती लागतेच, आणि तिच्यावर कधी कोणी बसत नाही. सुरुवातीला आम्ही दोन्ही सारख्याच बनवायचो. मग एकदा मालक हातात खुर्ची घेऊन म्हणाले, "अहो, हिच्यावर बसणार कोण आहे?" आणि त्या दिवसापासून तिच्या सांध्यातल्या लाकडी खुंट्या गेल्या, नुसता सरस राहिला. बैठकीला वेत राहिला नाही, पातळ प्लायवूड आलं, त्यावर वेताचं चित्र छापलेलं. पाय सडपातळ झाले, लोकांना ते जास्त आवडले. पॉलिश मात्र उत्तम, तिथे मालक काटकसर करत नाहीत. गेलेल्यांची म्हणून जी खुर्ची आम्ही या शहराला पुरवतो ती एका बारा वर्षांच्या पोराचंही वजन पेलणार नाही. आणि ही लबाडी आहे असं कोणाला वाटत नाही. मलासुद्धा वाटत नव्हतं, बाबा फरशीवर पडेपर्यंत. पॉलिशवाला एकदा म्हणाला होता, "वजन फक्त जिवंत माणसाला असतं बाई," आणि आम्ही सगळे खदखदून हसलो होतो.

पहिली खुर्ची मी पाहिली आहे. ती आमच्याच घरात होती. दादाची बातमी आली त्या संध्याकाळी आईने नेहमीसारखी टेबलावर ताटं मांडली, बाबा आणि दादा युद्धावर असले तरी ती रोज चारच मांडायची, आणि चौथं मांडून झाल्यावर तिला कळलं की हे जास्त झालं. तिने ते उचललं नाही. कोणी तिला सांगितलं नव्हतं, कुठल्या पेपरात छापून आलं नव्हतं. तिला ते उचलवलं नाही, एवढंच. मी लहान नव्हते, सगळं समजत होतं. दादाची खुर्ची मागे सरकवलेली होती, तो उठून हात धुवायला गेला असावा तशी, आणि आम्ही दोघी तिच्याकडे न बघता जेवलो. अशीच कुठेतरी दुसऱ्या घरात, तिसऱ्या घरात, एखाद्या कारखान्याच्या जेवणघरात झाली असेल. तेव्हा ती नुसती एक खुर्ची होती आणि तिच्यावर माणूस नव्हता. मग कोणीतरी तिचा फोटो काढला. मग तिच्यावर भाषण झालं. मग राखाडी कापड आलं, कापडाचं माप ठरलं, ते कुठल्या बाजूने दुमडायचं ते ठरलं. नाटकांचा शेवट बदलला: पूर्वी शेवटी सगळी पात्रं हसत पुढे यायची, आता रंगमंच मोकळा करून एका खुर्चीवर उजेड टाकतात आणि प्रेक्षक रडत घरी जातात, मग आधीचे दोन तास नाटक कितीही टुकार असो. लग्नाच्या फोटोत नवरा-नवरी कडेला आणि मधोमध खुर्ची. माझ्या मावशीच्या नातवाच्या शाळेत मुलं संगीत खुर्ची खेळतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गाणं थांबतं, शेवटी एक खुर्ची आणि दोन मुलं उरतात, आणि ती दोघं तिच्यावर झडप घालत नाहीत, तिच्या दोन बाजूंना मान खाली घालून उभी राहतात. दोघांना बक्षीस. बाईंच्या डोळ्यांत पाणी. मला त्या मुलांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि मग त्या बाईंच्या. सात वर्षांच्या पोराने खुर्चीसाठी धक्काबुक्की करायची नाही तर कोणी करायची? आता वयात आलेले मुलगे, ज्यांनी युद्ध बघितलंही नाही, ते पोरींना काय सांगतात ठाऊक आहे? "मी नसलो तर माझी खुर्ची ठेवशील ना?" आणि पोरी भाळतात. या देशात आता कोणाला हवंहवंसं वाटायचं असेल तर आधी नसावं लागतं.

अध्यक्ष तिसऱ्या दिवशी घरी आले. आमच्या पेठेच्या स्मरण समितीचे ते अध्यक्ष, धंद्याने दातांचे डॉक्टर. मोठा भाऊ गेलेला, स्वतः नजरेच्या दोषामुळे भरतीतून सुटलेले. माणूस वाईट नाही, हेच तर वाईट. वाईट असते तर त्यांना जिन्यावरूनच हाकलून दिलं असतं. ते दारात चपला काढून, आवाज अगदी खाली आणून बोलतात. दाढ उपटण्याआधी बोलत असतील तसे. आईने त्यांना बाबांच्या खुर्चीवरचे कपडे उचलून बसायला दिलं. बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, कपाळावर पट्टी.

"कोणाचा राग नाही," अध्यक्ष म्हणाले. "चक्कर आली, वयही आहे. पण लोकांच्या मनाला लागलंय. दवाखान्यात त्या दिवशी मुलं गेलेल्या दोन आया होत्या, त्यांना फार त्रास झाला. रविवारी सभा आहेच. तुम्ही आलात, दोन शब्द बोललात, तर सगळ्यांचंच मन हलकं होईल."

"कसले दोन शब्द?" मी विचारलं.

"दिलगिरीचे."

"यांना टाके पडलेत. खुर्चीला दिलगिरी वाटतेय का, ते विचारलंत?"

"गप्प बस," आई म्हणाली. मग अध्यक्षांकडे बघून, "येतील ते."

"मी येतो," बाबाही म्हणाले, त्याच वेळी. कितीतरी वर्षांत त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं, आणि झालं ते यावर.

अध्यक्ष गेल्यावर मी आईला धरलं. म्हटलं, "तुला लाज नाही वाटत? नवरा आहे तुझा." तिने इस्त्रीचे कपडे पुन्हा खुर्चीवर ठेवले. म्हणाली, "लाज वाटते म्हणूनच जाऊ दे म्हणतेय. माझा मुलगा त्या खुर्चीवर आहे, आणि हे त्याच्या अंगावर जाऊन बसले." हे ती मनापासून बोलली. आईच्या मनात बाबांबद्दल काय आहे ते मला फार आधीपासून ठाऊक आहे, ते तिने कधी उच्चारलं नाही एवढंच. दोघं एकाच दिवशी गेले होते, बाप आणि मुलगा, एकाच तुकडीत, तारा ओढायच्या कामावर. स्टेशनात बाबांनी तिला सांगितलं होतं, "मी आहे ना बरोबर." मग एकटे आले. ती त्यांना घ्यायला फाटकापर्यंत गेली होती, आणि तिने आधी त्यांच्या पाठीमागे पाहिलं. मी शेजारीच होते. बाबांनी तिची नजर पाहिली आणि ते बाजूला सरकले, तिला नीट दिसावं म्हणून. मागे कोणीच नव्हतं. दादा कसा गेला हे त्यांनी कधी सांगितलं नाही, तिने कधी विचारलं नाही. सरकारी कागदावर 'शौर्याने' असं होतं, ते सगळ्यांच्याच कागदावर होतं.

रविवारी आईने त्यांचा पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला. सभागृह भरलेलं होतं. दर ओळीत एक राखाडी कापडाची खुर्ची, आमच्या कारखान्याची, छापील वेताची, आणि तिच्या दोन्ही बाजूंना माणसं अंग चोरून बसलेली. मागे दाराशी काही म्हातारे उभे होते, बिल्लेवाले. आई आणि मी तिसऱ्या ओळीत. बाबांना वर नेलं. काठी होती, तरी उजवा पाय थरथरत होता. अध्यक्षांनी छान प्रस्तावना केली, त्यात 'क्षमा' हा शब्द बराच फिरवला. मी रागाने खुर्चीची कड घट्ट धरून बसले होते. मला एवढंच हवं होतं की बाबांनी यातलं काही म्हणू नये. त्यांनी 'गेलात उडत' म्हणावं आणि खाली यावं, आणि मी त्यांना रस्त्यावरच्या पहिल्या बाकावर सगळ्यांच्या देखत बसवावं.

ते म्हणाले, "माझी चूक झाली. मी बसलो." इथे थांबायचं होतं. अध्यक्ष टाळ्यांसाठी हात वर करत होते. बाबा थांबले नाहीत. ते कोणाकडे बघत नव्हते, समोरच्या भिंतीकडे बघत होते. "मी बसत नाही कधी. बसू नये माणसाने. तिकडे थंडी होती. आम्ही तार घेऊन चाललो होतो, मी आणि माझा मुलगा. तो दमला होता, पाय ओढत होता. मीच त्याला म्हटलं, बस जरा. मी पुढचा खांब बघून येतो, तू बस जरा. तो बसला. मी आलो तेव्हा बसलेलाच होता. गोळीबिळी काही नाही. थंडीने. मी हलवलं, तर तसाच बसलेला हलला. कोणी उभं राहिलं तर काही होत नाही. मी त्याला बस म्हणायला नको होतं." मग त्यांना वाटलं आपण फार बोललो, म्हणून म्हणाले, "माफ करा," आणि काठी शोधायला लागले.

क्षणभर काहीच झालं नाही. त्या एका क्षणात मला वाटलं, आता फुटेल हे सगळं. आता कोणीतरी उठेल, बाबांना खुर्ची देईल, पाणी देईल, म्हणेल की बाबा रे, पोराला बस म्हणालास यात काय चुकलं, बाप दुसरं काय म्हणणार! मग एक हुंदका आला, आणि एका हुंदक्यामागून सगळं सभागृह रडायला लागलं. आणि मग टाळ्या. उभं राहून टाळ्या. लोक रडत होते आणि टाळ्या वाजवत होते, त्यांच्या चेहऱ्यांवर नाटकाच्या शेवटी असतं तसलं समाधान होतं. अध्यक्षांचा चष्मा ओला झाला होता. त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "बस जरा! काय शब्द आहेत!" बाबांचा पाय अजून थरथरत होता, आणि सगळं सभागृह उभं असल्यामुळे आता आत कितीतरी खुर्च्या मोकळ्या होत्या. एकानेही त्यांना त्यातली एक दिली नाही. मी आईकडे पाहिलं. ती उभी राहिली नव्हती, टाळ्याही वाजवत नव्हती. ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती. घरी जाताना ती आमच्या पुढे चालत होती, आणि बाबा मागून मागून, बोलावलं नसताना आल्यासारखे.

आठ दिवसांनी, सोमवारी, मालकांनी आम्हाला बोलावून नवा नमुना दाखवला. तीच खुर्ची, तोच सरस, तेच पातळ प्लायवूड, फक्त पाठीवर पांढऱ्या रंगात, वळणदार अक्षरांत 'बस जरा'. पेठेपेठेतून मागणी आली होती, दुसऱ्या शहरांतूनही. रंगारी अक्षरं काढता काढता नाक पुसत होता. म्हणाला, "तुमच्या वडलांनी रडवलं हो." मी मालकांना म्हटलं, "निदान हिच्या सांध्यात खुंट्या घाला. हिच्यावर बस म्हणून लिहिलंय."  त्यांना खरंच कळेना मी काय म्हणतेय ते. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही आज सुट्टी घ्या बाई." मी घेतली. माझ्या भावाने ऐकलेला शेवटचा शब्द ठाऊक असणारा एकच माणूस होता. तो माणूस तो शब्द इतकी वर्षं जिभेखाली धरून ओट्याशी उभा राहून जेवला, आणि यांनी तो आठवड्यात रंगवून वाळत घातला. राग म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आधी होती ती नुसती चिडचिड.

मी घरी पोचले तर दारात समितीचा टेम्पो. पहिला नग मान म्हणून आमच्या घरी. अध्यक्ष स्वतः आले होते, आणि दोन जण ती खुर्ची जिन्यातून अशी आणत होते की जणू तिला दुखेल. बाबा दाराच्या चौकटीला उभे.

"ही कोणाची?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे, तुमच्या शब्दांची."

बाबांनी पाठीवरची अक्षरं वाचली. ओठ हलले त्यांचे. मग म्हणाले, "पण मी अजून आहे की."

अध्यक्ष हसले, मग हसायला नको होतं असं वाटून थांबले, आणि म्हणाले, "हो हो, अर्थातच." चहा न घेता गेले. टेबलाशी जागा नव्हती. आईने क्षणभर सगळीकडे पाहिलं, मग बाबांच्या खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे उचलले, ती खुर्ची भिंतीशी सरकवली, आणि तिच्या जागी नवी ठेवली, दादाच्या खुर्चीशेजारी. हाताने कापड सारखं केलं. बाबांनी ते सगळं पाहिलं आणि ताट घ्यायला स्वयंपाकघराकडे वळले.

मी ती नवी खुर्ची उचलली. तिला वजनच नाही, एका हाताने येते. गॅलरीतून खाली टाकली. खाली काय आवाज झाला ते मी ऐकलंही नाही, मी ओरडत होते. काय ओरडले ते सगळं आठवत नाही. तो मेला, म्हणाले मी. पोरगा मेला, थंडीने मेला, आणि हा मेला नाही, हा इथे आहे, याला भूक लागते, याचा पाय दुखतो, बघ तरी याच्याकडे, एकदा तरी बघ!

आई टेबलाला धरून उभी होती. म्हणाली, "मला येत नाही गं." आवाज अगदी साधा होता तिचा. "गेलेल्याचं काय करायचं ते सगळ्यांनी शिकवलं मला. रडायचं कसं, कापड घालायचं कसं. आलेल्याचं काय करायचं, ते कोणी सांगितलंच नाही."

तेव्हा मी दादाच्या खुर्चीवरचं कापड ओढून काढलं. ती जुनी खुर्ची आहे, युद्धाआधीची, सागवानी, खुंट्यांची. आईच्या तोंडून एक आवाज आला. मी बाबांना दंडाला धरून आणलं. ते म्हणत होते, "नको, नको, त्याची आहे ती," आणि आईकडे बघत होते, माझ्याकडे नाही. इतकी वर्षं वेत ओढून माझ्या हातांत ताकद आहे. मी त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि खाली दाबले. गुडघे आधी वाकेनात, मग वाकले. ते बसले. श्वास रोखून बसले, काहीतरी होईल म्हणून वाट बघत.

काही झालं नाही. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही. टेबलापलीकडे आई होती, आणि आता त्यांचा चेहरा तिच्या नजरेखाली आला, खिडकीच्या उजेडात, पट्टीसकट, पिकलेल्या भुवयांसकट. ती बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली.

"किती म्हातारे झालात हो तुम्ही," ती म्हणाली.

बाबा उठायला बघत होते. मी हात काढले नाहीत.